लहान वर्ग, एक उपकरण आणि १०,००० म्युऑन

१९०९ साली अर्नेस्ट मार्सडेन हा मँचेस्टरच्या विद्यापीठात पदवीचा विद्यार्थी होता, वय २०. या मुलाला आता एखादं छोटंसं संशोधन द्यायला हरकत नाही, असं हान्स गायगर यांनी तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि आपले वरिष्ठ अर्नेस्ट रदरफर्ड यांना सुचवलं. रदरफर्ड यांनी दिलेलं काम एका वाक्यात मावणारं होतं: धातूच्या पत्र्यावर अल्फा कण सोडायचे आणि त्यातला एखादा तरी मागे उसळून येतो का ते बघायचं. अंधाऱ्या खोलीत बसून, झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणाऱ्या ठिणग्या सूक्ष्मदर्शकातून मोजायच्या. उत्तर 'नाही' येईल, असाच अंदाज होता. प्रत्यक्षात प्लॅटिनमवर पडणाऱ्या साधारण ८,००० कणांमागे एक कण मागे फिरताना दिसला. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी अणुकेंद्राची कल्पना मांडली, ती अशाच निरीक्षणांचा अर्थ लावताना.

लहान विभागात भौतिकशास्त्र शिकायला जाणाऱ्याने यातला शोध घटकाभर बाजूला ठेवावा आणि कामाचा आकार बघावा. मोजण्याची पद्धत आधीच बसलेली होती. प्रश्न अरुंद होता. उत्तर 'हो' आलं काय किंवा 'नाही' आलं काय, दोन्ही उपयोगाचं होतं. आणि शेजारी असा माणूस होता ज्याला ठिणग्या मोजताना डोळा कुठे फसतो ते ठाऊक होतं. लहान विभाग या चारही गोष्टी देऊ शकतो. माहितीपुस्तकातल्या चकचकीत फोटोंपेक्षा मला त्या कितीतरी मोलाच्या वाटतात.

वर्गात १२ जण आहेत एवढ्याने मात्र काही होत नाही. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये प्राथमिक यांत्रिकीच्या ६२ अभ्यासक्रमांमधल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी संकल्पनांची चाचणी घेतलेली होती. पारंपरिक व्याख्यानांच्या वर्गांत सुधारणेला जेवढा वाव होता त्यातला सरासरी २३ टक्केच भरून निघाला. जिथे विद्यार्थी वर्गातच अंदाज बांधत, आपसात वाद घालत आणि लगेच ताडून बघत, तिथे ४८ टक्के. म्हणजे १२ जणांसमोर तासभर फळा भरून लिहिला तर तो मोठा वर्गच झाला, फक्त खुर्च्या कमी.

लहान वर्गाचा उपयोग होतो तो विद्यार्थी फळ्यापाशी उभा राहिल्यावर. तो कुठे अडतो ते सगळ्यांना दिसतं, आणि अडण्याची ती जागा हाच त्या दिवसाचा धडा. उदाहरणार्थ, घर्षण नसलेल्या टेबलावर सरकू शकणारी पाचर आणि तिच्या उतारावरून घसरणारा ठोकळा. ठोकळ्याचं पाचरीसापेक्ष त्वरण काढायचं. बहुतेक जण पाचर स्थिर धरून मोकळे होतात. तिला हलू दिलं की अक्ष कुठे घ्यायचे, कोणत्या दिशेचा संवेग टिकतो, हे ठरवावंच लागतं. उत्तर आलं की ते तपासायचं: पाचरीचं वस्तुमान अनंत केलं तर 'जी साइन थीटा' (स्थिर उतारावरचं त्वरण) मिळतं का? उतार ९० अंशांचा केला तर ठोकळा 'जी'नेच पडतो का? या दोन तपासण्यांना एक मिनिट लागतं आणि चुकलेली बरीच उत्तरं तिथेच उघडी पडतात. मोठ्या वर्गात हे मिनिट कुणाच्या वाट्याला येत नाही.

गप्प बसणारा विद्यार्थी लहान वर्गातही लपू शकतो, आणि दोन बोलके मिळून सगळा तास खाऊ शकतात. शिक्षकांकडे शंका घेऊन जाताना "काहीच समजलं नाही" असं म्हणत जाऊ नये. कागदावर केलेला अर्धवट प्रयत्न न्यावा आणि "या ओळीपर्यंत पटतं, पुढच्या ओळीत चिन्ह का बदललं?" असं विचारावं. पहिल्या वाक्यावर शिक्षक पुन्हा तेच व्याख्यान देतात. दुसऱ्यावर तुमच्या चुकीपर्यंत पोचतात.

लहान विभागाची उणी बाजूही आधी बघून घ्यावी. पाच-सहा शिक्षक असले की वरचे विषय दर वर्षी शिकवणं जमत नाही. सांख्यिकीय भौतिकी किंवा पुंजयांत्रिकीचा दुसरा भाग एक वर्षाआड होतो. तो तुमच्या तिसऱ्या वर्षी आला आणि तेव्हा तुमचं गणित मागे असलं, तर गाडी चुकली. म्हणून पहिल्या महिन्यातच सगळ्या वर्षांचा तक्ता मांडा आणि उलटीकडून भरत या: पुंजयांत्रिकीच्या आधी रेषीय बीजगणित, विद्युतचुंबकत्वाच्या आधी अनेक चलांचं कलन, दोन्हींच्या आधी अवकल समीकरणं. आयगेनमूल्यं हाताने काढायची सवय नसलेला विद्यार्थी स्पिन-अर्धाच्या दोन गुणिले दोन मॅट्रिक्सपाशी अडतो आणि आपल्याला पुंजयांत्रिकीच कळत नाही असं समजून बसतो. प्रत्यक्षात कच्चं असतं गणित.

प्रवेशाआधी दोन प्रश्न जरूर विचारा. गेल्या दोन वर्षांत कोणते वरचे विषय खरोखर शिकवले गेले? (यादीत छापलेले विषय निराळे.) आणि मागच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल वाचायला मिळतील का? अहवालातल्या आलेखांवर अनिश्चिततेच्या रेघा आहेत का, आणि 'काय चुकलं' यावर निदान एक पान आहे का, एवढं पाहिलं तरी विभागाबद्दल बरंच कळतं.

प्रकल्प निवडताना

कसोटी सोपी आहे. काय मोजणार, कोणत्या एककात आणि किती अचूकतेने, हे एका वाक्यात लिहून बघा. 'डार्क मॅटरचा अभ्यास' हे वाक्य होत नाही. 'वैश्विक किरणांमधल्या म्युऑनचं सरासरी आयुर्मान १ टक्का अचूकतेने मोजणं' हे होतं. (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण त्याहून बराच जड आणि अल्पायुषी कण.)

मग वेळेचा हिशोब. सत्र चालू असताना आठवड्याला ७ तास धरले तर १२ आठवड्यांत ८४ तास होतात, म्हणजे पूर्णवेळ कामाचे जेमतेम दोन आठवडे. सुट्टीतल्या १० आठवड्यांचे ४०० तास. उपकरण मागवून ते यायलाच आठ आठवडे लागणार असतील, तर सत्रातला प्रकल्प तिथेच संपला. सत्रात चालू उपकरणावर काम करा आणि नवी जुळणी सुट्टीसाठी ठेवा. 'आधी उपकरण बांधू, मग मोजू' या बेतात मोजणं जवळजवळ नेहमीच राहून जातं.

म्युऑनचं आयुर्मान, नीट

हा प्रयोग जगभरच्या पदवीच्या प्रयोगशाळांमध्ये होतो आणि बऱ्याच ठिकाणी एका दुपारीत उरकला जातो. एका दुपारीत तो काहीच शिकवत नाही. आठवडाभर तुमच्या ताब्यात असेल तर मात्र प्रायोगिक भौतिकशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम त्यात आहे.

साहित्य थोडं आहे. प्लास्टिक सिंटिलेटरचा (कण आतून गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकचा) सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचा आणि १२ सेंटिमीटर उंचीचा दंडगोल, त्याला ऑप्टिकल ग्रीसने जोडलेली, चमकेचा विद्युत स्पंद करणारी फोटोमल्टिप्लायर नळी, उच्च व्होल्टेजचा पुरवठा, ठरावीक उंचीच्या वरचेच स्पंद पुढे सोडणारा डिस्क्रिमिनेटर आणि दोन स्पंदांमधला वेळ मोजणारं घड्याळ. समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो. दंडगोलाच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला तीनेक. बाजूंनी येणारे धरले तर पाचेक. बहुतेक आरपार जातात आणि प्लास्टिकच्या दर सेंटिमीटरला सुमारे २ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा टाकतात. मिनिटाला एखादा मात्र आत थांबतो. थांबताना एक चमक, आणि क्षय होऊन इलेक्ट्रॉन निघाला की दुसरी. दोन चमकांमधला वेळ नोंदवायचा. म्युऑन वातावरणात कधी जन्मला याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. घातांकी क्षयाला स्मृती नसते, त्यामुळे घड्याळ कधीही सुरू केलं तरी उरलेल्या आयुष्याची सरासरी तीच येते.

पहिला दिवस उजेडाशी झगडण्यात जातो. उच्च व्होल्टेज चालू असताना नळीवर खोलीतला उजेड पडला तर नळी कायमची बिघडू शकते, म्हणून आवरण काढण्याआधी व्होल्टेज शून्यावर आणायचंच. काळी टेप पुरेशी वाटते, पण तळाशी, जिथे तारा बाहेर येतात, तिथे हमखास फट राहते. तपासायची रीत अशी: खोलीतला दिवा लावून स्पंदांचा दर बघा, मग दिवा घालवून बघा. दोन्हींत फरक असला तर गळती आहे. टॉर्च फिरवून फट शोधा आणि टेपचा दुसरा थर द्या.

गळतीचा एवढा बाऊ का, ते हिशोबाने बघू. एकमेकांशी संबंध नसलेले दोन स्पंद योगायोगाने एकापाठोपाठ आले तरी उपकरण त्यांना क्षय समजतं. असे खोटे क्षय दराच्या वर्गाप्रमाणे वाढतात. सेकंदाला ५ स्पंद आणि २० मायक्रोसेकंदांची खिडकी (पहिल्या स्पंदानंतर दुसऱ्याची वाट बघण्याचा काळ) असेल, तर ५ गुणिले ५ गुणिले ०.००००२, म्हणजे सेकंदाला ०.०००५, मिनिटाला ०.०३. मिनिटाला एक खरा क्षय येतो, त्यामुळे ३ टक्के भेसळ चालवून घेता येते. गळतीने दर १० पट होऊन ५० वर गेला की खोटे क्षय १०० पट होतात, मिनिटाला ३. म्हणजे दर खऱ्या क्षयामागे तीन खोटे. टेपचा एक तुकडा कमी पडला म्हणून आठवडा वाया जातो तो असा.

डिस्क्रिमिनेटरची पातळी आणि व्होल्टेज अंदाजाने लावू नका. व्होल्टेज २५-२५ व्होल्टने वाढवत प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं दर मोजा आणि आलेख काढा. दर आधी वाढतो, मग काही अंतर सपाटसर चालतो, मग पुन्हा झपाट्याने चढतो. सपाट भागाच्या मध्याजवळ राहा. फार खाली गेलात तर मंद चमका निसटतात, वर गेलात तर नळीचा स्वतःचा गोंगाट मोजला जातो. घड्याळही तपासायचं: पल्स जनरेटरवरून १, २, ५ आणि १० मायक्रोसेकंद अंतराच्या जोड्या द्या आणि उपकरण काय सांगतं ते लिहून ठेवा. घड्याळ १ टक्का चुकीचं असेल तर आयुर्मानही १ टक्का चुकेल, आणि कितीही म्युऑन गोळा केले तरी ती चूक जाणार नाही.

नोंदवलेल्या वेळा छोट्या-छोट्या खान्यांत वाटून प्रत्येक खान्यात किती घटना पडल्या याचा आलेख काढायचा. त्याच्या सुरुवातीच्या खान्यांमध्ये दोन उपरे पाहुणे भेटतात. केबलच्या टोकाला ५० ओहमचं टर्मिनेशन (स्पंद शोषून घेणारा रोध) नसेल तर स्पंद परत फिरतो. केबलमध्ये मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद धरले, तर ३ मीटरच्या केबलमध्ये जाऊन-येऊन ३० नॅनोसेकंद होतात आणि पहिल्या खान्यात उंच खांब उभा राहतो. दुसरा पाहुणा जास्त चिवट. नळीत उरलेल्या वायूचे आयन मागे जाऊन फोटोकॅथोडवर (नळीच्या प्रकाश टिपणाऱ्या थरावर) आदळतात आणि खऱ्या स्पंदामागून, मायक्रोसेकंदाच्या मापाने, एक छोटा स्पंद येतो. हा अगदी आपल्या मोजणीच्या पट्ट्यात पडतो. पातळी थोडी वर घ्या आणि फिट (आलेखावर घातांकी वक्र बसवणं) पहिल्या काही खान्यांनंतर, समजा १ मायक्रोसेकंदापासून, सुरू करा. घातांकी वक्राचा कुठलाही तुकडा घेतला तरी घटण्याचं प्रमाण तेच राहतं, त्यामुळे सुरुवात कापल्याने आयुर्मान बदलत नाही, फक्त घटना कमी होतात. सुरुवात १, १.५ आणि २ मायक्रोसेकंदांवर ठेवून तीनदा फिट करा. आकडा एकाच दिशेने सरकत राहिला तर पाहुणा अजून घरात आहे.

आता आठवड्याचं गणित. आठवड्यात १०,०८० मिनिटं, म्हणजे साधारण १०,००० क्षय. आयुर्मानातली सांख्यिकीय अनिश्चितता म्हणजे आयुर्मान भागिले घटनांच्या संख्येचं वर्गमूळ. १०,००० चं वर्गमूळ १००, म्हणून १ टक्का, म्हणजे ०.०२ मायक्रोसेकंद. सुरुवात कापली आणि भेसळही फिटमध्ये धरली की अनिश्चितता वाढते, मग आणखी आठवडा चालवावं लागतं. एका दुपारच्या तीन तासांत १८० क्षय मिळतात आणि अनिश्चितता साडेसात टक्क्यांची राहते. इतक्या जाड रेघेखाली वर सांगितलेल्या बहुतेक चुका लपून जातात. म्हणूनच उपकरण आठवडाभर ताब्यात हवं.

विश्लेषणात बहुतेकांची पहिली ठेच म्हणजे सरळ सरासरी काढणं. १०० पैकी ३ घटना भेसळीच्या असतील आणि त्या ० ते २० मायक्रोसेकंदांत सपाट पसरल्या असतील, तर त्यांची सरासरी १० येते. खरं मूल्य २.१ धरलं तरी एकूण सरासरी ०.९७ गुणिले २.१ अधिक ०.०३ गुणिले १०, म्हणजे २.३४. तीन टक्के भेसळीने उत्तर अकरा टक्के पळवलं. म्हणून घातांकी अधिक स्थिर पार्श्वभूमी असा फिट करायचा. दुसरी ठेच लीस्ट स्क्वेअर्सची, म्हणजे वक्र आणि आकडे यांमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करून फिट करण्याची. शेपटीकडच्या खान्यांत दोन-तीनच घटना असतात. अनिश्चितता म्हणून मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ घेतलं की योगायोगाने कमी आलेल्या खान्यांना जास्त वजन मिळतं आणि रिकामे खाने तर गळूनच पडतात. पार्श्वभूमी खाली खेचली जाते, उरलेली शेपटी घातांकाच्या माथी येते आणि आयुर्मान फुगतं. पॉयसन वितरणावर, म्हणजे थोड्या घटनांच्या मोजणीला लागू पडणाऱ्या संभाव्यतेवर, आधारलेली लाइकलीहूड पद्धत वापरली की ही अडचण राहत नाही.

खरा डेटा उघडण्याआधी प्रोग्रॅमला खोटा डेटा द्या. आयुर्मान २.१ ठरवून, भेसळ ३ टक्के मिसळून, क्षयांच्या वेळांच्या १०,००० नोंदी संगणकाकडूनच तयार करून घ्या आणि फिट करा. हे २०० वेळा करा. उत्तरांची सरासरी २.१ यायला हवी आणि त्यांचा फैलाव प्रोग्रॅम सांगतो तेवढ्याच अनिश्चिततेचा हवा. येत नसेल तर दोष प्रोग्रॅममध्ये आहे, आणि तो आत्ता सापडणं फार चांगलं.

मग येतो तो क्षण ज्यासाठी हा प्रयोग मला इतका प्रिय आहे. पुस्तकातलं आयुर्मान २.१९७ मायक्रोसेकंद. तुमचा आकडा येतो २.१२ च्या आसपास, अनिश्चितता ०.०२. फरक जवळजवळ चार सिग्माचा, म्हणजे अनिश्चिततेच्या चौपट. याच ठिकाणी कित्येक विद्यार्थी डेटा छाटायला लागतात: हा दिवस पावसाळी होता, तो खाना विचित्र दिसतो, सुरुवात थोडी पुढे सरकवू. आकडा पुस्तकाजवळ पोचला की छाटणी थांबते आणि अहवाल लिहिला जातो.

तुमचा आकडा बरोबर होता. पुस्तकातलं मूल्य मोकळ्या म्युऑनचं. वरून येणाऱ्या म्युऑनमध्ये धन आणि ऋण दोन्ही असतात, धन थोडे जास्त, ऋण एकामागे साधारण सव्वा. प्लास्टिकात थांबलेला ऋण म्युऑन कार्बनच्या अणूत अडकतो, केंद्राच्या अगदी जवळच्या कक्षेत उतरतो आणि क्षय होण्याआधी केंद्रातल्या प्रोटॉनकडून पकडला जाऊ शकतो. त्यामुळे कार्बनमध्ये त्याचं आयुर्मान सुमारे २.०३ पर्यंत उतरतं. दोन्ही गटांची मिश्र सरासरी २.१२ च्या आसपासच येते. छाटणी करणाऱ्याने कार्बनच्या केंद्राचा हा परिणाम स्वतःच्या हाताने पुसून टाकलेला असतो.

यावर उपाय म्हणून निकाल झाकून ठेवता येतो. प्रोग्रॅममध्ये वर्गमित्राने निवडलेली एक गुप्त संख्या आयुर्मानात मिसळायची. कापणी, पातळी, फिटची सुरुवात, सगळं ठरवून वहीत लिहून झाल्यावरच ती संख्या उघडायची. चार-पाच जणांच्या गटात ही शिस्त पाळणं सहज जमतं, कारण कोणी काय बदललं ते सगळ्यांना माहीत असतं.

वहीबद्दल थोडक्यात: बांधीव, पान न फाडता, पेनने, तारीख आणि वेळेसकट. चुकलेल्या नोंदीवर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. मूळ डेटाच्या फाइलला कधीही हात लावायचा नाही, बदल करायचे ते प्रतीत. आठवड्याच्या बैठकीला आलेख न्या, स्लाइड नकोत. अक्षांवर एकक लिहिलेला एक आलेख अर्धा तास पुरतो.

शेवटचे दोन आठवडे मोजणी बंद. त्यातला एक अहवालाचा आणि दुसरा पुढच्या विद्यार्थ्याचा. लहान विभागात उपकरण वर्षानुवर्षं एका हातातून दुसऱ्या हातात जातं, आणि माहिती हरवली की नव्या विद्यार्थ्याचे पहिले चार आठवडे तेच पुन्हा शोधण्यात जातात. जोडणीची आकृती केबलच्या लांबीसकट, व्होल्टेज आणि दराचा आलेख, डिस्क्रिमिनेटरची पातळी, घड्याळाच्या तपासणीचे चार आकडे, खोट्या डेटाचा प्रोग्रॅम आणि न सुटलेल्या प्रश्नांची यादी एका फाइलमध्ये ठेवा. वापरलेलं व्होल्टेज आणि 'आवरण काढण्याआधी शून्य करा' ही सूचना मात्र फाइलमध्ये नको, ती डब्यावरच चिकटवा.